कड्यांमधली वाट

यंदा नवरात्रात आमच्या सोसायटीच्या कमिटीने गरब्याच्या दोन रिंगणांमध्ये दोरी लावली. पिवळी, नायलॉनची, प्लास्टिकच्या खांबांना बांधलेली. पहिल्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेनचा पाय तिच्यात अडकला, त्यांनी भर अंगणात कमिटीच्या चेअरमनचा उद्धार केला, आणि दुसऱ्या दिवशी दोरी गायब. बरं झालं. मला ती बघवत नव्हती.

दोरी गेली, पण एक गोष्ट राहिली आहे आणि ती मी गॅलरीतून रोज बघते. बाहेरच्या रिंगणातल्या बायका पाण्याच्या टाकीपाशी आल्या की अर्धं पाऊल मागे घेतात. तिथे खड्डा नाही, वायर नाही, काही म्हणजे काही नाही. टाळी वाजवता वाजवता मागे सरकतात, आतून कुणाला तरी जायला वाट देतात आणि पुन्हा पुढे येतात. नव्याने राहायला आलेल्या मुलींना वाटतं, ही गरब्याचीच स्टेप आहे. त्याही करतात. स्टेप कसली डोंबलाची! टाकीपाशी अंगण अरुंद आहे, आणि तिथून तळवडेकर सर जायचे. गेल्या थंडीत सर गेले. बायकांच्या पायांना ते अजून कुणी सांगितलेलं नाही.

मनोहर तळवडेकर म्हणजे आमच्या समोरचं दार. मुलुंडमधल्याच एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. मूळ गाव मालवणकडचं, वडील गिरणीत, त्यामुळे तिकडच्याच माझ्या सासूबाई त्यांना हक्काने झापायच्या. उंचीला बेताचे, डोकं पूर्ण गुळगुळीत, आणि बुशशर्टचा खिसा खडूने कायम पांढरा. रिटायर झाले तरी खिसा पांढराच. मी एकदा विचारलं, "सर, आता खडू कशाला?" तर म्हणाले, "वहिनी, कुणी काही विचारलं तर?" आणि विचारायचा अवकाश, हे जिन्याच्या फरशीवर चित्र काढायला बसलेच. आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टसमोर शनी, मीटरच्या खोक्याखाली शनी, गच्चीच्या दारावर शनी. झाडूवाली रोज पुसायची आणि रोज बडबडायची. नाक्यावरचा इस्त्रीवालाही "शनी सर के कपडे" म्हणूनच गठ्ठा बांधायचा.

तसं शनीचंही त्यांना फारसं काही नव्हतं. त्यांचा जीव अडकला होता शनीच्या कड्यांमध्ये फिरणाऱ्या बारक्या चंद्रांत. मोठ्या चंद्रांचं नाव काढलं की हात झटकायचे. "मोठ्यांचं सगळेच करतात हो." हे बारके म्हणजे किती बारके? त्यातला एक तर मुलुंड ते घाटकोपरमध्ये मावेल एवढा. पण त्या एवढ्याशा गड्याने आपल्या दोन्ही अंगांना थेट कल्याणपर्यंतची जागा मोकळी ठेवली आहे. भोवती बर्फाच्या खड्यांची ही गर्दी, कोट्यवधी खडे शनीभोवती फिरतायत, आणि मधे एक स्वच्छ फट, त्या फटीत हा एकटा. सर हे सांगायला लागले की त्यांचा आवाज बारीक व्हायचा, घरातल्या लहान मुलाचं कौतुक सांगताना होतो तसा.

मात्र यातून कुणी काही बोध काढलेला त्यांना खपायचा नाही. कॉलेजात एका मुलीने विज्ञान दिनाला छान भाषण केलं आणि शेवटी म्हणाली, "त्या छोट्या चंद्राप्रमाणे आपणही समाजात..." सर स्टेजवर चढले, माइक घेतला आणि म्हणाले, "आपण नाही. फक्त चंद्र. बस गं खाली." हा किस्सा ते स्वतःच सांगायचे आणि वर म्हणायचे, "खड्यांना स्वभाव नसतो वहिनी. आणि माणसं म्हणजे खडे नाहीत. हे दोन डबे एकमेकांत ओतायचे नाहीत." हे वाक्य मी लक्षात ठेवलं. पुढे मला त्याचा उपयोग झाला, म्हणजे भांडायला झाला. काही फायदा झाला नाही ती गोष्ट वेगळी.

आमची सोसायटी अर्धी मराठी, अर्धी गुजराती. नवरात्रात एक संध्याकाळ आमचा भोंडला, बाकी सगळे दिवस गरबा. आधी गरबा म्हणजे नुसता गोंधळ असायचा. कॉलेजची पोरं सुसाट, आज्या हळूहळू, आणि सगळे एकाच रिंगणात. एका वर्षी हंसाबेन धक्का लागून पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी सर कॉलेजच्या स्पोर्ट्सची शिट्टी गळ्यात घालून खाली उतरले. "पोरं आत. वयस्कर मंडळी बाहेर. मधे फट."

हंसाबेन प्लास्टर घातलेला हात नाचवत पुढे आल्या. "सर, माताजीच्या बाजूला आम्ही राहणार. हे छोकरालोक कशाला?"

"हंसाबेन, जो जवळ तो जोरात. हा माझा नियम नाही. वरचा आहे."

वरचा म्हटल्यावर हंसाबेनने हात जोडले आणि निमूट बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. शनीच्या कड्यांचा नियम आहे हा, हे त्यांना पुढे कित्येक वर्षांनी कळलं. तोपर्यंत त्यांचं मनगट कधीचं जुळलं होतं.

आणि त्या फटीत सर स्वतः फिरायला लागले. हात पाठीमागे बांधून, मान जरा वाकवून, आतल्यांपेक्षा हळू, बाहेरच्यांपेक्षा जरा जलद. हॅलोजनखाली टक्कल चमकायचं, पोरं "चांदोबा, चांदोबा" ओरडायची. सर गेले की आजूबाजूची माणसं आपोआप अंग चोरायची आणि पुन्हा पुढे यायची. मी वरून गॅलरीतून बघायचे. खरंच लाट उठायची हो! आतल्या रिंगणातली पोरं जलद असल्याने त्यांची लाट सरांच्या पुढे धावायची, बाहेरच्या बायकांची लाट मागे रेंगाळायची. वर असंच होतं म्हणे. गरबा संपला की सर माझ्या दारात यायचे, घामाघूम, आणि पहिला प्रश्न, "वहिनी, वरून दिसलं का?"

"दिसलं."

"पुढची पुढे, मागची मागे?"

"हो हो, अगदी तसंच."

खालून त्यांना काहीच दिसायचं नाही, कारण ते मागे वळून बघत नसत. मी एकदा म्हटलं, "अहो, जरा मान वळवा की. तुमच्या मागे काय झकास लाट असते!" तर म्हणाले, "चंद्र मागे वळून बघतो का? त्याने आपलं चालायचं."

हंसाबेनचा अजून एक किस्सा सांगते. त्यांच्या मुलाला साडेसाती लागली म्हणून त्या सरांकडे आल्या. शनी सर म्हणजे शनीवरचा इलाज त्यांच्याकडे असणारच, असा सरळ हिशेब. दिवेलागण झाली होती. सर त्यांना गच्चीवर घेऊन गेले, दुर्बीण लावली. ती त्यांनी स्वतः पाइपातून बनवलेली, तिच्या स्टँडला आमच्या जुन्या शिलाई मशीनचा पाय. हंसाबेनने डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग म्हणाल्या, "आटलो रूपाळो?" एवढा देखणा! मग पदराने डोळे पुसत विचारलं, "मग त्रास कशाला देते?"

"तो बिचारा कुणाला त्रास देतो हंसाबेन. त्याची त्याचेच खडे सांभाळता सांभाळता पुरेवाट होते."

त्यानंतर हंसाबेनने शनिवारचं तेल बंद केलं की नाही माहीत नाही, पण मुलाला म्हणाल्या, "तू नोकरी बदल, शनीला काही बोलू नको."

आता अनघाचं सांगायला हवं. ती सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत.

अनघा त्यांची एकुलती मुलगी. ती सातवीत असताना तिची आई गेली. सर माझ्या सासूबाईंकडून वेणी घालायला शिकले. रोज सकाळी आमच्या दारात मुलगी पाठमोरी बसायची, सासूबाई एका बाजूची वेणी घालायच्या आणि सर ती बघून दुसऱ्या बाजूची. दोन्ही वेण्या कधी सारख्या झाल्या नाहीत. तिचा क्लास घाटकोपरला होता, तर हे क्लासच्या दारात उभे. ती डान्सला जायची, तर हे बाकावर बसलेले. तिला साकीनाक्याला एका पॅकेजिंगच्या कंपनीत डिझाइनची नोकरी लागली, तेव्हा दुपारी फोन, "जेवलीस?" संध्याकाळी फोन, "निघालीस?" आणि ट्रॅफिकमध्ये अडकली म्हणाली, तर हे बस पकडून साकीनाक्याला हजर. तिला घ्यायला. म्हणजे आता त्याच ट्रॅफिकमधून दोघांनी यायचं!

"बाबा, ऑफिसात सगळे हसतात हो," ती म्हणायची.

"हसू दे. हसणं तब्येतीला चांगलं."

ती आधी हसायची. मग नुसती मान हलवायची. मग फोन उचलेनाशी झाली. मला दिसत होतं. सासूबाईंनाही दिसत होतं. सरांना दिसत नव्हतं, कारण त्यांना ती डोळ्यांसमोर हवी होती आणि ती होती. तेवढं त्यांना पुरत होतं.

त्याच वर्षी आमच्या स्वयंपाकघरात तो रव्याचा प्रसंग झाला. सासूबाई परातीत रवा निवडत होत्या. सरांनी त्यात बोटाने रेघा ओढल्या आणि मधे एक शेंगदाणा ठेवला. मी म्हटलं, "सर, एक सांगा. तो चंद्र खड्यांना ओढतो ना? मग खडे त्याच्याकडे यायला हवेत. फट कशी पडते?"

सर एवढे खूश झाले की शेंगदाणा खाऊनच टाकला आणि दुसरा ठेवला. "हाच प्रश्न! कॉलेजात कुणी विचारत नाही. बघा. आतला खडा जोरात असतो, तो चंद्राला ओव्हरटेक करून पुढे जातो. पुढे गेला की चंद्र त्याला मागे ओढतो. मागे ओढला की त्याचा जोर कमी. जोर कमी झाला की तो आत घसरला, शनीकडे. म्हणजे चंद्रापासून लांबच गेला. बाहेरचा खडा मागे पडतो, त्याला चंद्र पुढे खेचतो. जोर वाढला की तो आणखी बाहेर. तोही लांबच. परातीत दाखवता येत नाही हे. परातीत ओढलं की जवळ येतं. वर ओढलं की लांब जातं."

सासूबाईंनी चष्मा वर केला. "मगे ओढता कित्याक तो?"

"काकी, ओढणं त्याच्या हातात नाही. वजन आहे तिथे ओढ आहे."

"शिरा पडली त्या वजनार," सासूबाई म्हणाल्या आणि रवा सारखा केला.

त्या नवरात्रात अनघाने ऑफिसातल्या एका मुलाला गरब्याला बोलावलं होतं. निखिल. चांगला मुलगा, लाजरा, पाऊल सारखं चुकणारा. दोघं आतल्या रिंगणात होती. सर नेहमीसारखे फटीत. आणि मी वरून बघत असताना सरांची चाल बदलली. ते अनघाच्या शेजारी आले आणि तिच्याच वेगाने चालायला लागले. ती पुढे तर हे पुढे, ती थांबली तर हे थांबले. मागे सगळं रिंगण तुंबलं. पोरं एकमेकांवर आदळायला लागली. निखिलने चुकून तिचा हात धरला, बहुधा तोल गेला असेल, आणि सरांनी शिट्टी वाजवली. जोरात. "अंतर!"

अख्खं अंगण हसलं. कुणी वाईट मनाने हसलं नाही, पण हसलं. अनघा रिंगणातून बाहेर पडली आणि जिना चढून वर आली. माझ्या समोरून गेली. रडत नव्हती. मी "अगं" म्हटलं, तर म्हणाली, "काकू, मला आता श्वास घ्यायचाय हो."

दिवाळीनंतर ती बोरिवलीला मैत्रिणींबरोबर राहायला गेली. सर स्वतः तिची बॅग घेऊन खाली उतरले, रिक्षात ठेवली, चेन नीट लागली आहे का बघितलं. दीड वर्षाने तिने निखिलशी रजिस्टर लग्न केलं. सर गेले, सही केली, जेवले, परत आले. आमच्याकडे येऊन सासूबाईंना म्हणाले, "काकी, कुळथाची पिठी आहे का?" बास. भांडण झालंच नाही. भांडण झालं असतं तर आम्ही चार लोकांनी मधे पडून मिटवलं असतं. न झालेलं भांडण मिटवायचं कसं?

आणि सरांनी फोन करणं बंद केलं.

जो माणूस दिवसाला चार वेळा "जेवलीस?" विचारायचा, त्याने एकदाही नाही. ती रविवारी फोन करायची. हे म्हणायचे, "बरा आहे. तू बरी? बरं, ठेवतो." दार उघडं असायचं, मला ऐकू यायचं. फोन ठेवल्यावर तो हातात तसाच धरून बसायचे. एकदा माझं डोकंच फिरलं. मी सरळ आत गेले.

"काय चाललंय सर? पोरगी स्वतःहून फोन करते आणि तुम्ही वीजबिलाच्या ऑफिससारखे बोलता?"

सर म्हणाले, "वहिनी, मी जितकं ओढलं तितकी ती लांब गेली. आता ओढत नाही. बोरिवलीला आहे, तिथे तरी राहू दे. अजून ओढलं तर कुठे जाईल?"

मी हादरलेच. "अहो, तुम्हीच म्हणता ना, माणसं म्हणजे खडे नाहीत? दोन डबे एकमेकांत ओतू नका? त्या बिचाऱ्या पोरीला भर सभेत खाली बसवलंत त्यासाठी!"

"म्हणायला काय जातं वहिनी," ते म्हणाले. "रोज रात्रंदिवस तेच बघितलं मी. दुसरं मला काही येतं का?"

मुलुंड आणि बोरिवली तशी एकाच डोंगराच्या दोन बाजूंना. मधे जंगल. आमच्या गच्चीवरून डोंगराची ही बाजू दिसते, अनघाच्या खिडकीतून ती बाजू. सरळ उडत गेलं तर काहीच नाही, पण माणसाला वळसा घालून जावं लागतं. सर संध्याकाळी गच्चीवर जायचे तेव्हा दुर्बीण पूर्वेला असायची आणि हे पश्चिमेला तोंड करून उभे. मी अनघाला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काकू, ते रागावलेत माझ्यावर. नाहीतर असं बोलतील का?" मी म्हटलं, रागावलेले नाहीत गं, घाबरलेले आहेत. "मग त्यांना सांगा ना एकदा फोन करायला. एकदाच." मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "बघू." दोघंही तळवडेकर! माझ्या सासूबाई याच काळात गेल्या. त्यांनी शेवटच्या दिवसांतही विचारलं, "तेच्या चेडवान फोन केल्यान काय?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतं. फोन ती करतच होती.

मग सर आजारी पडले. फुफ्फुसं कामातून गेली होती. डॉक्टर म्हणाले, खडूचं असू शकतं, नसूही शकतं. जिना बंद झाला, गच्ची बंद झाली. दुर्बीण मी आमच्या गॅलरीत आणून ठेवली, कारण आमची गॅलरी पूर्वेला आहे.

आणि तशात गेल्या वर्षी शनीची कडी दिसेनाशी झाली. हे दर पंधरा वर्षांनी होतं म्हणे. कडी एवढी रुंद की विचारू नका, पण जाडी आपल्या बिल्डिंगएवढी. शनी आणि आपण अशा रेषेत येतो की ती काठावरून दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. हंसाबेन बघायला आल्या आणि घाबरल्या. "सर, कोणी घेऊन गेला?"

"तिथेच आहेत हंसाबेन. आपण काठावर उभे आहोत."

त्या गेल्यावर सर मला म्हणाले, "याच दिवसांत ऊन तिथे अगदी तिरकं पडतं. त्या बारक्या चंद्राने उठवलेल्या लाटांच्या लांबच लांब सावल्या पडतात कड्यांवर. एरवी कळत नाही, लाट केवढी उंच होती. आता बघायला तिथे यान नाही. पण सावल्या पडत असतील."

मी सहज विचारलं, "आणि तो चंद्र गेला तर? फट तशीच राहते?"

"छे. खडे एकमेकांना आपटत आपटत पसरतात. फट भरून जाते." दम घेऊन म्हणाले, "मग कुणाला कळतही नाही, इथून कुणी फिरत होतं."

मला तिथे बसवेना. मी चहा टाकायला आत गेले आणि ओट्यापाशी रडले. मग अनघाला फोन लावला. म्हटलं, "अष्टमीला ये. काही विचारू नको, नुसती ये."

"त्यांना चालेल का काकू?"

"तू ये गं बाई."

अष्टमीला आम्ही सरांना लिफ्टने खाली आणलं आणि पाण्याच्या टाकीजवळ खुर्ची दिली. अंगावर शाल, गळ्यात तीच शिट्टी. तीन वर्षं त्यांच्याशिवाय गरबा चालला होता, आणि त्याची पार वाट लागली होती. दोन रिंगणं एकमेकांत घुसायची, फट म्हणून राहिली नव्हती. अनघा आली. निखिल गाडी लावायला गेला. ती सरळ सरांकडे आली नाही, मुकाट बाहेरच्या रिंगणात शिरली, हंसाबेनच्या शेजारी. आता ती आपणहून बाहेरच्या रिंगणात नाचण्याच्या वयाची झाली होती. मी सरांच्या खुर्चीमागे उभी होते. फिरत फिरत ती समोरून गेली. सरांनी बघितलं. पुन्हा आली, पुन्हा गेली. सरांचे हात मांडीवर घट्ट धरलेले. तिसऱ्यांदा आली तेव्हा रिंगणातून बाहेर पडून समोर उभी राहिली. धाप लागलेली, कपाळावर घाम.

"बाबा, आत या ना. बघा काय झालंय सगळं."

सरांनी मान हलवली. "नको. मी आत आलो की तू बाहेर जातेस."

तिला कळायला वेळ लागला. मग ती तिथेच, जमिनीवर, चनियाचोळीसकट त्यांच्या पायाशी बसली.

"म्हणून? म्हणून फोन करत नव्हता तुम्ही? बाबा, त्या शिट्टीच्या रात्री मी जिना चढून वर गेले ती एका दिवसापुरतीच हो. तुम्ही दार वाजवाल म्हणून बसून होते. सात वर्षं मी रोज दुपारी जेवताना फोन समोर ठेवून बसते."

माझ्याने तिथे उभं राहवेना. इतकी वर्षं, केवळ एक नियम खरा होता म्हणून वाया गेली! तो वरच्यासाठी खरा होता, इथे नव्हता. हे त्या फिजिक्सच्या मास्तरला आता कळत होतं, श्वास पुरत नसताना.

मग सरांनी शाल काढून खुर्चीवर ठेवली. "वहिनी," मला म्हणाले, "तुम्ही वर जा. गॅलरीत. मला खालून कळत नाही."

"सर, डॉक्टरांनी..."

"जा हो."

मी धावत वर गेले. गॅलरीतून बघते तर सर फटीत शिरले होते. फट नव्हतीच, पण ते शिरले तशी ती झाली. हात पाठीमागे बांधलेले, मान वाकलेली. चाल मात्र इतकी हळू, की आतले सोडाच, आज्यासुद्धा त्यांच्यापुढे जात होत्या. मग हंसाबेन हळू झाल्या. त्यांच्या मागच्या हळू झाल्या. बघता बघता दोन्ही रिंगणं सरांच्या चालीने फिरायला लागली, आणि स्पीकरवरचं गाणं मात्र आपलं सुसाट. सरांच्या मागे अनघा होती. हात पुढे केलेला, पाठीला लावू की नको करत, लावत नव्हती. टाकीपाशी अंगण अरुंद होतं तिथे बायकांनी अर्धं पाऊल मागे घेतलं. आतली पोरं, ज्यांतल्या कित्येकांनी सरांना कधी फटीत चालताना बघितलंही नव्हतं, तीही आत सरकली. मला वरून सगळं दिसत होतं. लाट पुढे, लाट मागे.

अर्धा फेरा झाला आणि सर थांबले. सगळंच थांबलं. सरांनी हात वर केला, चालू ठेवा, चालू ठेवा, पण कुणी हललं नाही. अनघाने पुढे होऊन त्यांना धरलं, रिंगणाने वाट दिली आणि दोघं बाहेर पडली.

मी खाली पोचले तेव्हा ते गेटपाशी कट्ट्यावर बसले होते, ओठ काळेनिळे. निखिल गाडी आणायला धावला होता, अनघा औषधांची पिशवी आणायला वर गेली होती. मी त्यांचा हात हातात घेतला. बोटांना खडू लागला होता. कुठून, देव जाणे.

"वहिनी," ते म्हणाले. दम घेतला. "वरून दिसलं का?"

"दिसलं सर. पुढची पुढे, मागची मागे."

त्यांनी मान हलवली, तसं नाही म्हणून. पुन्हा दम घेतला.

"मी मागे बघितलं नाही," ते म्हणाले. "ती होती का मागे?"

"होती सर," मी म्हटलं. "सगळा वेळ होती."